वाडीला दक्षिणद्वार झालं

नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं, ही बातमी भाविकाला वेगळी ऐकू येते आणि शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला वेगळी. पावसाळ्यात कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या की संगमाजवळच्या दत्तमंदिरात पाणी शिरतं. ते उत्तरेच्या दारानं आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान घडावं म्हणून लांबलांबची माणसं मिळेल ती गाडी धरून रात्री-अपरात्री वाडी गाठतात. आमच्या घरी ही बातमी आली की आज्जा आधी गोठ्यात जायचा. म्हशींची दावी सुटायला सोपी आहेत का ते बघायचा, कडब्याच्या पेंढ्या वर चढवायला सांगायचा आणि बातमी आणणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा : “चढतं का उतरतं?”

दक्षिणद्वार दोन तऱ्हांचं असतं. पाणी वाढत असताना होतं ते चढतं, ओसरताना होतं ते उतरतं. पुण्य दोन्हींत सारखंच म्हणतात. गोठ्याच्या हिशेबानं मात्र चढतं म्हणजे जनावरं हलवायची, उतरतं म्हणजे चिखल काढायची तयारी. आज्जा नास्तिक नव्हता. पौर्णिमेला वाडीला चालत जायचा, येताना कवठाची बर्फी आणायचा. “देवाच्या पायाला पाणी लागलं की आपल्या उंबऱ्याला किती हात ऱ्हायलं, हे ठरल्यालं हाय,” असं तो म्हणायचा, तेव्हा त्याच्या बोलण्यात भक्ती आणि मोजमाप वेगळं काढता यायचं नाही.

शिरोळ हा कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा शेवटचा तालुका. कृष्णा त्याच्या अंगाखांद्यावरून जाते. वारणा तिला हरिपूरपाशी मिळते, पंचगंगा वाडीला आणि दूधगंगा दानवाडच्या बाजूला. पुढं राजापूरचा बंधारा ओलांडला की थोड्याच अंतरावर कर्नाटक. इतक्या नद्या एवढ्याशा मुलखात येऊन भेटतात, तेव्हा इतिहासही पाण्याच्या कलानंच सांगितला जातो. आमच्या म्हाताऱ्यांना इसवी सन फारसे ठाऊक नसायचे. पाणी कुठवर आलं होतं, त्या वेळी पलीकडच्या काठावर राज्य कुणाचं होतं आणि नावेचं भाडं कोण घेत होतं, हे मात्र पक्कं ठाऊक असायचं.

वाडीच्या समोरच्या काठावर औरवाड. गुरुचरित्रातलं अमरापूर ते हेच, असं मानतात. घेवड्याच्या वेलाची कथा तिथली. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी गरीब ब्राह्मणाचं घर अंगणातल्या घेवड्यावर भागायचं. नृसिंहसरस्वती त्यांच्याकडे भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. बाई रडायला लागली. नवऱ्यानं मूळ काढायला खणलं तर द्रव्याचा घडा सापडला. पोथीत बाईला तिचा नवरा समजावतो, दैवाच्या गोष्टी सांगतो. आमची आक्का, म्हणजे आजी, ही कथा शेंगा निवडत सांगायची तेव्हा नवऱ्याचा उपदेश सरळ गाळायची. ती बाईच्या बाजूनं उभी असायची. “घडा सापडला म्हणून बरं. नसता सापडला तर सांजंला काय शिजवायचं हुतं तिनं?” पुराणिकांनी या प्रश्नाचं उत्तर दिलेलं माझ्या ऐकण्यात नाही. आक्काचा संसार मळीच्या रानातल्या भाजीपाल्यावर उभा होता आणि मळीचं रान एका पुरात जातं. त्यामुळं वेल उपटणारा हात तिला देवाचा वाटला, तरी ओळखीचाही वाटत असावा.

औरवाड आणि गौरवाड ही दोन गावं विजापूरच्या आदिलशहानं वाडीच्या देवस्थानाला इनाम दिली, ही त्या काठावरची दुसरी कथा. शहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, गुरूंच्या कृपेनं ती परत आली, म्हणून हे दान. मंदिराला शिखर नाही तेही शहानं बांधलं म्हणून, असं सांगतात. आज्जाला या कथेतली राजकन्या दोन वाक्यांत संपवायची घाई असायची. कारण त्याला पुढचा भाग सांगायचा असे : कुठल्या रानाचा वसूल देवाला जायचा, गाळ साचून नवी मळी पडली की तिच्यावर हक्क कुणाचा, त्यावरून कुणाची डोकी फुटली. लहानपणी हा भाग मला कंटाळवाणा वाटायचा. आता वाटतं, कथा टिकली ती या भागासाठी. मुसलमान राजाचं दान हिंदू देवाला पोचतं आणि दोन गावचे लोक ते पिढ्यान् पिढ्या मान्य करतात, ही वहिवाट जपायला नुसता कागद पुरत नाही. राजकन्येचे डोळे लागतात.

एकदा हे ध्यानात आलं की आमच्या भागातली बरीच आख्यानं उलगडायला लागतात. खिद्रापूरचंच बघा. कृष्णेच्या वळणात बसलेलं गाव आणि त्यात शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं मंदिर. बाहेरच्या भिंतीखाली हत्तींची रांग आहे. समोर स्वर्गमंडप आहे, त्याच्या छताला मधोमध मोठा गोल झरोका ठेवलाय आणि त्याखाली तेवढ्याच मापाची गोल शिळा आहे. दारात नंदी नाही. दक्षाच्या यज्ञाला सती निघाली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी इथं नाही, तो पलीकडे यडूरला. सतीच्या मरणानं शिव कोपला, त्याची समजूत घालायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगं. यडूर आता कर्नाटकात आहे. 1956 साली राज्यांची फेररचना झाली आणि देव मुंबई राज्यात, त्याचा नंदी म्हैसूर राज्यात, अशी वाटणी झाली. पण खिद्रापूर आणि यडूर यांचं नातं कथेत बांधलेलं होतं, त्यामुळं लोकांचं जाणं-येणं, सोयरिकी आणि देवदर्शन सरकारला विचारून थांबलं नाही. आमच्या घरात आजही दोन सुना कन्नड घरातल्या आहेत आणि भांडण रंगात आलं की ते कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नसतो.

खिद्रापूरला शिलालेख आहेत. देवगिरीच्या सिंघण यादवाचा शके 1136 चा लेख त्यात महत्त्वाचा. पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोजाला हरवून शिलाहारांचं राज्य त्यानं नुकतंच संपवलं होतं. जिंकणारा राजा हरलेल्या राजाच्या देवाला दान देतो, म्हणजे तीही एक तडजोडच. त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, चालुक्य आणि चोळ यांची कोप्पमची लढाई झाली, त्यात चोळ राजा राजाधिराज हत्तीवरच मारला गेला. ते कोप्पम म्हणजे खिद्रापूर, असं काही अभ्यासक मानतात. आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी या लढाईचा एक शब्द नव्हता. एवढा मोठा राजा पडला आणि काठाला आठवण नाही! चोळ लांबून आले, गेले. त्यांच्याशी कुणाला बांध वाटून घ्यायचा नव्हता. सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी मात्र कुरुंदवाडच्या घाटावर दाखवतात आणि तिथं पोचल्यावर तंबाखू थुंकून तोंड धुणारे म्हातारे मी पाहिलेत.

कुरुंदवाड हा मात्र सावकाश सांगायचा विषय आहे. पटवर्धनांचं संस्थान. 1854 साली त्याच्याही दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. “गाव एवढंसं आणि राजं दोन,” आज्जा हसायचा. या एवढ्याशा दरबारात घोड्यांची उस्तवार बघणारे विष्णुपंत छत्रे मुंबईला गेले, तिथं कियारिनीची इटालियन सर्कस पाहिली आणि परत येऊन स्वतःची सर्कस काढली. 1880 साली सुरू झालेली छत्र्यांची ग्रँड इंडियन सर्कस ही हिंदी माणसानं काढलेली पहिली सर्कस. छत्र्यांना मुळात गवई व्हायचं होतं. ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे त्यांनी गाणं शिकण्याची खटपट केली होती. गाणं राहिलं, घोडे जमले. पण गुरूच्या घराशी त्यांनी इमान राखलं. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ हलाखीत सापडले, तेव्हा छत्र्यांनी त्यांना आपल्याकडे आणलं आणि सर्कशीबरोबर त्यांचं गाणंही गावोगाव फिरलं. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर या गाण्याचा केवढा परिणाम झाला, ते जाणकार सांगतात. भूगंधर्व म्हणून नावाजलेल्या रहिमत खाँचे शेवटचे दिवस कुरुंदवाडात गेले. 1922 साली ते तिथंच वारले.

आमच्या पणजोबांनी त्यांना घाटावर गाताना ऐकलं, असं घरात ठामपणे सांगतात. आमच्या नात्यातल्या आणखी बऱ्याच घरांतल्या पणजोबांनीही त्यांना घाटावर ऐकलंय. एवढी माणसं त्या घाटावर मावायची नाहीत. शिवाय पणजोबांना गाण्यातलं काही कळत असल्याचा दुसरा पुरावा नाही. तरी मी ही आठवण खोडत नाही. त्यात एक तपशील असा आहे जो कुणी उगीच रचणार नाही : खाँसाहेब गात असताना पणजोबांचं लक्ष गवताच्या भाऱ्याकडे होतं, कारण पागेवरचा माणूस भारा कमी भरला म्हणून पैसे कापायचा.

याच कुरुंदवाडात पाच मशिदींत गणपती बसतात. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पीर आणि गणपती एकाच छताखाली असतात आणि आरती आणि फातेहा यांच्या वेळा ठरवून घेतात. बाहेरचे पत्रकार दर काही वर्षांनी येऊन याचं कौतुक छापतात, ते योग्यच आहे. गावकऱ्यांना त्याचा थोडा कंटाळाही आलाय. एकानं मला सांगितलं, “पावसुळ्यात मांडव भिजतो, मशिदीचं छत पक्कं हाय. लोकं उगा मोठं करत्यात.” मला हे उत्तर सगळ्या कौतुकापेक्षा मोलाचं वाटतं.

पण म्हाताऱ्यांच्या गोष्टींत एक भोक होतं. संस्थानं कशी गेली, हे ते रंगवून सांगत. जयसिंगपूर हे शाहू महाराजांच्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावाचं गाव. रेल्वेच्या कडेला आखून वसवलेली बाजारपेठ, गल्ल्यांना नंबर. तिथं 6 फेब्रुवारी 1939 ला माधवराव बागलांच्या पुढाकारानं कोल्हापूर संस्थानच्या प्रजापरिषदेची पहिली मोठी सभा झाली. पणजोबा बैल विकायला गेले होते, ते सभेत जाऊन बसले आणि बैल न विकताच परत आले. निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार याच तालुक्यातले. पुढे भूमिगत झाले, घटना समितीत जाऊन बसले, पंचगंगा साखर कारखाना उभा केला. ते जेवायला आले होते असं सांगणारी घरं किती निघतील, ते मोजायला नको. कुरुंदवाड मार्च 1948 मध्ये विलीन झालं, कोल्हापूर 1 मार्च 1949 ला. हे सगळं क्रमानं यायचं, फक्त 1948 चा फेब्रुवारी यायचा नाही. गांधीजींच्या खुनानंतर या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कुणी पेटवली, कुणी लुटली, कुणी मागच्या दारानं बायकापोरं बाहेर काढली, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण पेटवणारे आणि वाचवणारे दोघेही गावचेच. आक्का एकदाच बोलली. “वाडा जळताना तुपाचा वास सुटला हुता.” पुढं तिनं विषय बदलला. या घटनेची गोष्ट झाली नाही. गोष्ट व्हायला दोन्ही बाजूंना मान्य असा शेवट लागतो. तो इथं कुणाकडेच नव्हता. ज्यांची घरं गेली ते पुण्याला गेले, उरलेले त्यांच्या कुळकायद्यात मिळालेल्या जमिनी कसत राहिले.

आज्जाच्या लहानपणी उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता यायची. रानात शाळू, हरभरा, भुईमूग, तंबाखू. पुढे वर धरणं झाली, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे बसले आणि नदी चैत्र-वैशाखातही भरलेली दिसू लागली. काठावर मोटारी बसल्या, उपसा संस्था निघाल्या, ऊस आला आणि मग दुसरं काही येईना. साखर कारखाने उभे राहिले, शिरोळचा दत्त त्यातला मोठा. पैसा आला हे खरं. मातीच्या घरांची स्लॅबची घरं झाली, पोरं इंजिनिअर झाली. उसाची पहिली उचल किती, यावर शिरोळच्याच राजू शेट्टींनी चळवळ उभी केली आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला गर्दी लोटू लागली. दुसऱ्या अंगानं काळी जमीन पाणी पिऊन पिऊन क्षारपड झाली. पांढरी फुटलेली, लव्हाळ्यानं भरलेली रानं हजारो एकर. आता दत्त कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून त्यातलं खारं पाणी बाहेर काढायचं काम चाललंय आणि पडीक रानं पुन्हा पिकायला लागलीत. आज्जा असता तर म्हणाला असता, पाणी आणायला कर्ज आणि घालवायलाही कर्ज.

नदी बदलली तशी पुराची भाषाही बदलली. आज्जाचा पूर नेहमी वरून यायचा. सह्याद्रीवर पाऊस, मग कोल्हापूरला पाणी, मग वाडीला दक्षिणद्वार, मग आम्ही. हा क्रम त्याला पाठ होता. आता गावचा पोरगा फोनवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. आणि चावडीवरची चर्चा वरच्या पावसापेक्षा खालच्या अलमट्टीची असते. फुगवटा, विसर्ग, हिप्परगी, क्युसेक हे शब्द आता बायकाही सहज वापरतात. अलमट्टीची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायचं कर्नाटकानं ठरवलंय, त्याला इथला विरोध जोरात आहे. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. ते शास्त्र असेल. पण पाणी चढायला जितके दिवस लागतात त्याच्या कितीतरी पट ते उतरायला का लागतात, हे काठावरच्या माणसाला समजावून द्यायला अहवालापेक्षा जास्त काही लागेल.

2005 च्या पुरात आमच्या आत्याच्या घराच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं. त्या पुरानं आधीच्या सगळ्या खुणा मोडल्या होत्या, 1989 ची सुद्धा. तेव्हापासून तिसरी पायरी हा तिच्या घरचा शेवटचा शब्द झाला. ऑगस्ट 2019 ला तलाठी, पोलीस, शेजारी सगळे घर सोडा म्हणून सांगत होते. ती जागची हलली नाही. “पाचच्या पुराला तिसरी पायरी. त्याच्या वर याचं न्हाई.” वाडीचं मंदिर तेव्हा कधीच पाण्याखाली गेलं होतं. दक्षिणद्वार चढतं का उतरतं, हा प्रश्न विचारायला दारच दिसत नव्हतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळूर महामार्ग बुडून बंद पडला. आत्याच्या घरात ते खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं. लष्कराच्या आणि एनडीआरएफच्या बोटी सगळीकडे एकदम पोचणार नव्हत्या. गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून गल्लीतल्या पोरांनी तिला बाहेर काढलं. काहिलीला सुकाणू नसतं, ती गरगर फिरते. सगळ्या वाटेनं आत्या पोरांना शिव्या देत होती आणि तिच्या मांडीवर शेळी होती.

तालुकाभर असं झालं. हजारो माणसं जनावरांसकट साखर कारखान्यांच्या आवारात आणि शाळांत राहिली. थांबले त्यांतले बरेच जण अडाणी नव्हते. त्यांच्याकडे माहिती होती, घराच्या भिंतीवर रंगानं काढलेली रेघ होती, म्हाताऱ्यांचा शब्द होता. तो शब्द ज्या नदीचा होता ती नदी उरली नव्हती, एवढंच. जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं, कोल्हापूरला 2019 पेक्षाही वर गेलं, तेव्हा आत्या पहिल्याच दिवशी शेळी घेऊन निघाली. तिसऱ्या पायरीचं नाव आता ती काढत नाही. तिच्या नव्या गोष्टीत खिडकी आहे, काहील आहे आणि पोरांना दिलेल्या शिव्या गाळून त्या जागी दत्ताचं नामस्मरण घातलेलं आहे. शेजारीण तिला त्यावर टोकते.

मे 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. काही दिवसांतच राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. हेरवाड आमच्यापासून जवळ. आत्या तरुणपणीच विधवा झालेली, तिच्या बांगड्या नदीवर फोडल्या होत्या. मला वाटलं ती यावर काही तरी खोल बोलेल. ती म्हणाली, “ठराव झाला ते ब्येस झालं. पण हळदीकुंकवाला बलवायचं कुणी, त्याचा ठराव झालाय का?”

हेरवाडची हकिगत आता आमच्या भागात म्हाताऱ्या एकमेकींना सांगतात आणि ती हळूहळू गुळगुळीत होत चाललीय. आत्याच्या तोंडी तर सगळं गाव एका मुखानं हो म्हणालं, कुणी हूं का चूं केलं नाही. मी पाहिलेल्या एकाही ग्रामसभेत गटाराच्या ठरावावर सुद्धा असं एकमत झालेलं नाही. पण मी तिला अडवलं नाही. पुढच्या संक्रांतीला गल्लीतल्या एका सुनेनं तिला हळदीकुंकवाला बोलावलं. आढेवेढे घेत ती गेली. संध्याकाळी परत आली ती तणतणत : वाण म्हणून प्लास्टिकची डबी दिली होती, आणि तिचं झाकण बसत नव्हतं.